‘माणिक’ : बिदर-कलबुर्गी सीमाभागातील एका नावाची कुळकथा

‘माणिक’ एवढेच नाव कागदावर लिहिलेले असेल, तर ते पुरुषाचे की स्त्रीचे, हे मराठी वाचकाला ठामपणे सांगता येत नाही. कवी ग्रेस यांचे खरे नाव माणिक गोडघाटे होते आणि सुगम संगीताच्या रसिकांच्या ओठांवर असलेले माणिक वर्मा हे नाव एका गायिकेचे. किरण, शशी, कमल अशी दोन्हींकडे चालणारी आणखीही काही नावे मराठीत आहेत. मात्र ‘माणिक’ची गोष्ट थोडी वेगळी आहे. कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी या दोन सीमावर्ती जिल्ह्यांत हे नाव एका सत्पुरुषाच्या आणि एका संन्यासिनीच्या रूपाने पूजनीय झाले. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी या चार भाषांच्या तोंडी पडून त्याचे उच्चारही अनेक झाले. आता हे नाव जन्मदाखल्यावर उतरताना नेमके कोणते रूप लिहावे, हा प्रश्न त्या पट्ट्यातल्या कुटुंबांपुढे येतो. गोव्यातून गाणगापूरची वारी करणाऱ्या दत्तभक्तांना हा मुलूख अनोळखी नाही.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘माणिक्य’. तांबड्या रंगाचे हे रत्न नवरत्नांत सूर्याचे मानले जाते. प्राकृतात त्याचे ‘माणिक्क’ झाले आणि मराठीत ‘माणिक’ उरले. मराठीत हा शब्द नपुंसकलिंगी आहे : ते माणिक, ती माणके. नाव दोन्हींकडे जाण्याचे पहिले कारण बहुधा येथेच आहे. रत्न, कमल, सुमन, कुसुम या शब्दांप्रमाणे वस्तूवाचक नपुंसकलिंगी शब्द व्यक्तीला चिकटतो, तेव्हा तो स्वतःचे लिंग बरोबर आणत नाही. ज्याला चिकटेल त्याचे घेतो. ‘हिरा’ पुल्लिंगी असूनही हिराबाई झाल्या, हा आक्षेप येथे घेता येईल आणि तो खोटा नाही. पण हिराबाईंना ‘बाई’ची जोड लागली. नुसते ‘हिरा’ हे नाव पुरुषांत आणि स्त्रियांत सारख्याच सहजतेने वावरले नाही. ‘माणिक’ वावरले.

नामकरणाच्या रूढीतही या नावाला एक सोयीची जागा आहे. पंचांगातील अवकहडा चक्रानुसार मघा नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे मा, मी, मू, मे अशी येतात. मघा नक्षत्र सिंह राशीत, सिंहेचा स्वामी सूर्य आणि सूर्याचे रत्न माणिक. मघेच्या पहिल्या चरणावर जन्मलेल्या मुलाला वा मुलीला ‘माणिक’ म्हटले की अक्षर, रास, ग्रह आणि रत्न असे सगळे एका शब्दात जुळते. भटजींना सुचवायला आणि आजीला पटायला याहून सोपे नाव क्वचितच सापडेल.

सीमाभागात हे नाव रुजले ते मात्र पंचांगापेक्षा माणिकनगरमुळे. श्री माणिकप्रभू यांचा जन्म 1817 च्या दत्तजयंतीला बसवकल्याणजवळील लाडवंती या गावी झाला. आज हे गाव बिदर जिल्ह्यात आहे. त्या वेळी सारा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. हुमनाबादला लागून त्यांनी वसवलेले स्थान माणिकनगर म्हणून ओळखले जाते. 1865 मध्ये मार्गशीर्ष शुद्ध एकादशीला त्यांनी तेथेच समाधी घेतली. भक्तपरंपरा त्यांना दत्तावतार मानते. त्यांच्या संप्रदायाचे नावच ‘सकलमत’ : कोणत्याही मताचा निषेध नाही, सर्व मते एकाच सत्याकडे नेणारी. हिंदू, लिंगायत, मुसलमान अशा सर्व थरांतील माणसे त्यांच्या दरबारात येत. त्यांची पदे मराठीत आहेत, कन्नडमध्ये आहेत, हिंदी आणि संस्कृतमध्येही आहेत, आणि त्या पदांतून ‘माणिक’ ही नाममुद्रा या सर्व भाषांत फिरली. त्यांच्यानंतरचे पीठाधीश आपल्या नावापुढे ‘माणिकप्रभू’ लावतात : मनोहर माणिकप्रभू, मार्तंड माणिकप्रभू, शंकर माणिकप्रभू, सिद्धराज माणिकप्रभू आणि विद्यमान ज्ञानराज माणिकप्रभू. एका व्यक्तीचे नाव असे गादीचे नाव झाले. दत्तजयंतीच्या उत्सवाला तिन्ही राज्यांतून येणारा भाविक ते नाव घरी घेऊन जातो आणि नातवाला ठेवतो.

कलबुर्गी जिल्ह्यात याच नावाचा स्त्रीरूपातला महिमा आढळतो. तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेल्या सेडम तालुक्यातील यानागुंदीच्या डोंगरावर माता माणिकेश्वरी यांचे वास्तव्य होते. त्यांनी दीर्घकाळ अन्नपाण्यावाचून तप केले, अशी भक्तांची श्रद्धा. त्या वर्षातून मोजक्याच दिवशी दर्शन देत आणि त्या दिवशी कर्नाटक, तेलंगणा, आंध्र आणि महाराष्ट्रातून लोक डोंगराकडे लोटत. मार्च 2020 मध्ये त्यांचे निधन झाले. ‘माणिक’ आणि ‘ईश्वरी’ यांचा संधी होऊन हे नाव सिद्ध होते; ‘ईश्वर’ जोडले असते तर तेच पुरुषाचे झाले असते. तेलुगू मुलखात रत्नवाचक देवीनामाची परंपरा जुनी आहे. आंध्रातील द्राक्षारामच्या भीमेश्वर मंदिरातील देवीचे नाव माणिक्यांबा, आणि ते स्थान शक्तिपीठांत गणले जाते. सेडमच्या बाजूला ‘माणिक’ स्त्रीचे नाव म्हणून कानाला खटकत नाही, त्यामागे हाही शेजार आहे.

एकाच पट्ट्यात पुरुष आणि स्त्री दोघांनी हे नाव धारण करूनही पिढ्यान्‌पिढ्या कोणाचा घोटाळा झाला नाही, याचे कारण भाषेच्या व्यवहारात आहे. नुसते ‘माणिक’ कोणी कोणाला क्वचितच म्हणत असे. मराठी घरांत माणिकराव आणि माणिकबाई, कन्नड घरांत माणिकप्पा आणि माणिकम्मा. लिंग सांगण्याचे काम प्रत्यय करीत असे, नाव मोकळे राहत असे. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत तर एकाच गावात माणिकराव आणि माणिकप्पा शेजारी राहतात. नावामागचा सत्पुरुष एक, प्रत्यय मात्र घराच्या भाषेचा. गावातल्या माणसाला त्यावरून कुटुंबाची बोली कळते.

प्रत्यय काढून टाकला की उरते ते क्रियापद. मराठी येथे अर्धीच मदत करते. ‘माणिक आला’, ‘माणिक आली’ यांत लिंग स्पष्ट होते. ‘माणिक येईल’ यात होत नाही, कारण मराठीचा भविष्यकाळ लिंग दाखवत नाही. ‘माणिकने पत्र लिहिले’ यातही नाही. तेथे क्रियापद पत्रामागे जाते. आदरार्थी बोलताना मराठीत ‘आले’ आणि ‘आल्या’ असा भेद राहतो. कन्नडमध्ये एकेरीत ‘बंदनु’ आणि ‘बंदळु’ असा फरक असला, तरी आदरार्थी ‘बंदरु’ पुरुष आणि स्त्री दोघांनाही चालते. वर्गात हजेरी घेणाऱ्या कन्नड शिक्षकाने आदराने बोलायचे ठरवले, तर माणिक मुलगा आहे की मुलगी हे वाक्यावरून कळणारच नाही.

उच्चारांची वाट

मराठीच्या प्रमाण उच्चारात ‘माणिक’ दोन ठोक्यांत उरकते : मा-णिक. शेवटचा ‘क’ अर्धा पडतो. लेखनात ‘णि’ ऱ्हस्व आहे, पण बोलताना ती लांबते आणि कान ‘माणीक’ असे ऐकतो. गरीब, वकील या शब्दांत मराठीने हा लांबलेला उच्चार लेखनातही मान्य केला; ‘माणिक’मध्ये मूळ ‘माणिक्य’ची आठवण राहिल्याने लेखन ऱ्हस्वच राहिले, असे म्हणता येते. आणखी एक बारकावा. रत्नाबद्दल बोलताना इकार गळतो : माणकाचा खडा, हिरेमाणके. व्यक्तीबद्दल बोलताना तो टिकतो : माणिकला बोलाव, माणिकची वही. ‘माणकाला’ आणि ‘माणिकला’ यांत वस्तू आणि माणूस यांचा भेद आहे, आणि तो कोणी न शिकवता मूल उचलते.

कन्नडमध्ये चित्र बदलते. त्या भाषेचा कल शब्द स्वरान्त ठेवण्याकडे. त्यामुळे शेवटचा ‘क’ पूर्ण उच्चारला जातो आणि नाव तीन ठोक्यांचे होते : मा-णि-क. मराठी माणसाला हे ‘माणिका’सारखे ऐकू येते आणि नाव मुलीचेच आहे असा त्याचा समज होतो, प्रत्यक्षात तो केवळ कन्नड अकार असतो. ‘अप्पा’ आणि ‘अम्मा’ जोडताना हाच अकार कामी येतो. कन्नडने ‘ण’ मात्र जपला आहे. शिष्ट लेखनात तेथे मूळ ‘माणिक्य’ही चालते, 2014 साली सुदीप यांचा ‘माणिक्य’ नावाचा कन्नड चित्रपट आला, तेव्हा हे रूप तरुण पिढीच्या कानावर नव्याने पडले.

दखनी आणि उर्दूत ‘ण’ नाही. निजामाच्या राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीची जागा उर्दूने घेतली आणि दफ्तरात नावे उर्दू लिपीत उतरू लागली. मीम, अलिफ, नून, काफ एवढीच अक्षरे लिहिली तर वाचणारा ‘मानिक’ वाचेल किंवा ‘मानक’ही, कारण ऱ्हस्व स्वर लिहिण्याची सक्ती त्या लिपीत नाही. मध्ये ‘ये’ घातला तर ‘मानीक’ होते. जुने कागद देवनागरीत वा कन्नडमध्ये उतरवून घेताना एकाच माणसाची दोन नावे निघू शकतात, ती अशी.

तथापि ‘न’चा दोष उर्दूच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. वऱ्हाडपासून मराठवाड्यापर्यंत अनेक मराठी बोलींत ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी ‘पानी’ होते आणि माणिक ‘मानिक’. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे मूळ नाव माणिक. 1909 मध्ये अमरावती जिल्ह्यातील यावली येथे त्यांचा जन्म झाला. त्या भागातील बोलीत हे नाव घरोघर ‘मानिक’ असेच उच्चारले जाते. शाळेत गेल्यावर त्या मुलाला आईचा उच्चार चुकीचा आहे असे सांगितले जाते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तो बोलीचा नियमित ध्वनिबदल आहे, चूक नव्हे. लेखनात ‘ण’ ठेवावा हे योग्य. पण हाक मारणाऱ्या तोंडाला दुरुस्त करण्याचा अधिकार शुद्धलेखनाच्या नियमांना नाही.

पूर्वेकडे गेले तर बंगालीत ‘ण’ आणि ‘न’ यांचा उच्चार एकच. तेथे ‘मानिक’ हे लाडाचे नाव. लहानग्याला ‘सोना मानिक’ म्हणून जवळ घेतात. सत्यजित राय यांचे घरगुती नाव मानिक होते, त्यावरून सहकारी त्यांना ‘मानिकदा’ म्हणत. कादंबरीकार माणिक बंद्योपाध्याय यांचे खरे नाव प्रबोधकुमार. टोपणनाव एवढे रूढ झाले की खरे नाव मागे पडले. त्रिपुराच्या राजघराण्याची उपाधीच ‘माणिक्य’, आणि त्या राज्याचे अलीकडच्या काळातील दोन मुख्यमंत्री माणिक सरकार आणि माणिक साहा. दक्षिणेत तमिळमध्ये ‘माणिक्कम्’ हे पुरुषाचे रूप. शैव संत माणिक्कवाचकर यांच्या नावाचा अर्थ, ज्याचे बोल माणकांसारखे आहेत तो. म्हणजे बंगाली आणि तमिळ या दोन्ही टोकांना सार्वजनिक जीवनात हे नाव प्रामुख्याने पुरुषांचे दिसते. दोन्हीकडे सारखे चालण्याचा प्रकार ठळकपणे दिसतो तो मराठीत आणि मराठी-कन्नड-तेलुगूच्या या शेजारात.

एका पिढीचे नाव

नावांची लोकप्रियता मोजण्यासाठी ब्रिटन वा अमेरिकेत दरवर्षी शासकीय यादी निघते. भारतात तशी प्रथा नाही. त्यामुळे सार्वजनिक जीवनातील नावांच्या जन्मसालांवरूनच अंदाज बांधावा लागतो. तुकडोजी महाराज 1909 चे, माणिक वर्मा 1926 च्या, जयपूर घराण्याच्या गायिका माणिक भिडे 1935 च्या, ग्रेस 1937 चे. जेमतेम 30 वर्षांच्या या अवधीत विदर्भापासून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत मुलांना आणि मुलींना हे नाव ठेवले जात होते. माणिक वर्मांचे लग्नापूर्वीचे नाव माणिक दादरकर. आडनाव बदलले तरी पहिले नाव तेच राहिले आणि श्रोत्यांना त्या ‘माणिकताई’ झाल्या. माणिक भिडे या किशोरी आमोणकरांच्या शिष्या, म्हणजे कुर्डीच्या मोगूबाईंच्या परंपरेतल्या. गोमंतकीय श्रोत्याला हे नाव स्त्रीचे म्हणून आधी आठवले, तर नवल नाही. उलट महाराष्ट्राच्या राजकारणात माणिकराव गावित, माणिकराव ठाकरे, माणिकराव कोकाटे अशी ‘राव’धारी मंडळी दिसतात. ‘राव’ नसता तर वर्तमानपत्राच्या मथळ्यात थोडा गोंधळ नक्की झाला असता.

पुढच्या पिढ्यांत शहरी मराठी घरांनी रत्ननामांपासून काडीमोड घेतला. हिरा, मोती, पोवळा, माणिक ही नावे जुनी वाटू लागली. सीमाभागात मात्र माणिकनगरच्या श्रद्धेमुळे नाव तग धरून आहे. तेथे ते नवसाचे नाव आहे, आणि नवसाच्या नावाला फॅशनचा वारा लागत नाही. फरक पडला तो प्रत्ययांत. नव्या पिढीला ‘अप्पा’ आणि ‘बाई’ नको असतात. जन्मदाखल्यावर, शाळेच्या रजिस्टरवर आता नुसते ‘माणिक’ लिहिले जाते, आणि इतके दिवस प्रत्ययाने पेललेला भार एकट्या नावावर येतो.

कागदावरचे माणिक

1 नोव्हेंबर 1956 च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत विभागला गेला. अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मराठी मुलखात आले, काही भाग आंध्रात गेला आणि बिदर, हुमनाबाद, भालकीकडचा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात. सोयरीक मात्र राज्यांनुसार विभागली गेली नाही. उदगीरच्या आत्याचे नाव देवनागरीत, भालकीच्या भाच्याचे कन्नडमध्ये, आणि दोघांच्या आधारवर रोमन लिपीत एम-ए-एन-आय-के. या पाच अक्षरांत ‘ण’ नाही, ‘मा’चा दीर्घ आकार नाही, लिंग तर नाहीच. ‘मनिक’, ‘मानिक’, ‘माणिक’ असे तिन्ही वाचता येते. त्याच्या शेवटी एक ‘ए’ जोडले की टेबल टेनिसपटू मनिका बत्रा यांचे निराळेच नाव तयार होते. पालकांच्या रकान्यात ‘माणिक’ असेल, तर ते आईचे की वडिलांचे हेही वाचणाऱ्याला ठरवावे लागते, आणि पुष्कळदा तो वडिलांचेच समजतो.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांपुढे निराळीच अडचण. इंग्रजीत याच पाच अक्षरांशी जवळजवळ जुळणारा ‘मॅनिक’ हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ उन्मादग्रस्त. वर्गात हजेरी घेणाऱ्या शिक्षकाच्या तोंडून रत्नाचे नाव असे बाहेर पडते, तेव्हा मुलाला हसावे की रडावे कळत नाही. म्हणून काही पालक ‘एम’नंतर दोन ‘ए’ लिहितात. त्याने ‘मा’ सावरतो. ‘ण’साठी रोमन लिपीत तरतूदच नाही. लिपी बदलली की नावाचे काय होते, हे गोमंतकीयांना वेगळे सांगायला नको. पोर्तुगीज दफ्तरात साध्या ‘नाईक’ आडनावाच्या शेवटी क्यू-यू-ई आले आणि आजही अनेक घरांत ते तसेच चालू आहे.

पूर्वी अशा विसंगती शपथपत्राने निभावल्या जात. आता पहिला कागद अधिक वजनदार झाला आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील 2023 ची दुरुस्ती त्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून लागू झाली. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारनोंदणी, पारपत्र अशा कामांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा आहे. मूळ 1969 च्या कायद्यात एक सवलत आहे, तिचा विसर पडू नये : जन्माची नोंद नावाशिवाय करता येते आणि नाव मागाहून भरता येते, नियमांनुसार 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून. रुग्णालयातून घरी येण्याच्या घाईत कारकुनाने लिहिले ते स्वीकारण्यापेक्षा बारशापर्यंत थांबणे शहाणपणाचे. एकदा भरलेले नाव बदलण्याची वाट लांबची आहे. गोव्यात तर त्यासाठी 1990 चा स्वतंत्र कायदाच आहे.

कर्नाटकात जन्मदाखला कन्नड आणि इंग्रजी अशा दोन भाषांत मिळतो. भालकीच्या मराठी कुटुंबाने इंग्रजी रकान्यात कोणतेही स्पेलिंग दिले, तरी कन्नड रकान्यात ‘ण’ नीट लिहून घेता येतो. शेवटच्या ‘क’ला हलन्ताची खूण केली तर नाव मराठी वळणाने वाचले जाईल, न केली तर कन्नड वळणाने. नोंदणी खिडकीवरचा कर्मचारी हा प्रश्न आपणहून विचारत नाही. अर्ज भरतानाच तो ठरवून द्यावा लागतो.